सर ऐकत नाहीत

"सर, थांबा."

मी हे म्हटलं तेव्हा हेब्बाळकर सरांचा हात पेशंटच्या पोटात होता आणि तोंडाने बेळगावच्या एका लग्नाची गोष्ट चालू होती. पंगतीत श्रीखंड संपलं, तेव्हा मुलीच्या मामाने आचाऱ्याला खोलीत कोंडून ठेवलं, अशी काहीतरी ती गोष्ट होती. ऑपरेशन करताना सर सतत बोलायचे. टेबलावर हरळी गावचा एक गवंडी होता आणि त्याची पित्ताची पिशवी काढायची होती. पिशवी जोरात ओढली गेली की कधीकधी हृदयाचे ठोके मंद होतात. घाबरण्यासारखं काही नसतं. ओढ सोडली की ठोके परत जागेवर येतात. मात्र सोडायला हवी.

"सर, हात सोडा. नाडी उतरतेय."

श्रीखंडाची गोष्ट पुढे चालली.

"सर!" सिस्टर फिलोमिना बारदेस्कर माझ्या मदतीला आल्या. "मॅडम थांबा म्हणताहेत!"

सरांनी पिशवी आणखी थोडी वर ओढली. मॉनिटरवरचा आकडा झरझर खाली आला. मी ठोके वाढवायचं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतच होते. तेवढ्यात सरांचे सहायक डॉक्टर कुंभार बोलले. कुंभारांचा आवाज पखवाजासारखा. "सर, मॅडम थांबायला सांगताहेत."

सरांनी त्या क्षणी हात सोडला. आकडा वर चढू लागला. गवंड्याचं हृदय पुन्हा रुळावर आलं. आणि सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मग मघाशीच सांगायचं नाही का, पद्मजा?"

त्या वेळी माझ्या हातात रिकामी सिरिंज होती म्हणून बरं. दुसरं काही असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

कपडे बदलायच्या खोलीत सिस्टर फिलोमिनांनी डोक्यावरची टोपी काढून आपटली. "मॅडम, मी आज लेखी देणार. गेल्या महिन्यात मी म्हटलं, सर, एक फडकं कमी भरतंय, पोट शिवू नका. शिवत बसले! शेवटी कुंभार डॉक्टरांना हाक मारून आणलं, त्यांनी सांगितल्यावर थांबले. पुरुषानं सांगितलं की लगेच कळतं. बायकांचं ऐकायचंच नाही असं ठरवलंय त्यांनी."

मला त्यांचं पटलं. मीही इतकी वर्षं हेच बघत आले होते.

गडहिंग्लजच्या आमच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी भूल द्यायचं काम करत होते. त्याच वर्षी मला वैद्यकीय अधीक्षकही केलं गेलं. ते पद कुणालाच नको होतं. ज्या दिवशी मीटिंगमध्ये निवड झाली, त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून ते मला मिळालं. फिलोमिनांची तक्रार माझ्याच टेबलावर आली, आणि तिच्यात साक्षीदार म्हणून नाव होतं माझंच.

मी ट्रस्टच्या वकिलांकडे गेले. मगदूम वकिलांचं ऑफिस बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. त्यांनी तक्रार वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खाली चहा सांगितला.

"मॅडम, हा कागद आला नव्हता तोवर तुम्ही सुखी होता," ते म्हणाले. "आता ते सुख संपलं. उद्या सरांच्या हातून कोण दगावलं, तर कोर्ट एकच विचारणार. हॉस्पिटलला ठाऊक होतं का नव्हतं? ठाऊक असून गप्प बसला असाल, तर डॉक्टरांच्या आधी हॉस्पिटलला धरतील."

"मग सरांची ऑपरेशनं बंद करू?"

"कशाच्या जोरावर? गवंडी तर जिवंत आहे. परवा मला एसटी स्टँडवर दिसला, भजी खात होता. उद्या सर कोर्टात जाऊन स्टे आणतील, वर्तमानपत्रात छापून येईल, आणि सगळ्या तालुक्यात तुमच्या नावाचा शिमगा. गरिबाला रात्री-अपरात्री कोल्हापूर गाठावं लागेल ते वेगळंच."

"म्हणजे बंदही करायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही?"

"बरोबर."

"मग मी चौकशी करते."

मगदूम हसले. "तुम्ही? तुम्ही तर साक्षीदार. साक्ष तुमची आणि निकालही तुमचाच, असं कुठं असतंय व्हय? बाहेरचा सर्जन आणा. त्याच विद्येतला, ज्याचं सरांशी ना प्रेम ना वैर. त्यानं उभं राहून बघावं आणि काय दिसलं ते सांगावं. आणि एकट्या सरांना नको. ऑपरेशन करणारे जेवढे आहेत तेवढ्यांचं बघा. नियम एकट्यासाठी केला की तो नियम राहत नाही, सूड होतो. अजून एक. सरांना आधी तोंडावर सांगा. त्यांना काय बोलायचं ते बोलू द्या."

हे शेवटचं ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

हेब्बाळकर सर म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. हॉस्पिटल पत्र्याच्या शेडमध्ये होतं तेव्हापासून ते तिथे होते. ओपीडीत त्यांच्या दारापुढे लोकांची रीघ लागायची आणि एकच गोष्ट ऐकू यायची : हेब्बाळकर डॉक्टरांसारखं ऐकून घेणारं माणूस नाही. ते खरंही होतं. पेशंट बोलायला लागला की सर हातातला पेन खाली ठेवायचे आणि त्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसायचे. म्हाताऱ्या आपल्या सुनांची गाऱ्हाणीसुद्धा सांगून जायच्या. आपल्याकडे कुणी एवढं लक्ष द्यावं याची त्यांना सवयच नसायची.

मी समोर बसले तेव्हाही सरांनी पेन खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. तक्रार, साक्ष, बाहेरचा सर्जन, सगळ्यांना एकच नियम. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"मी बायकांचं ऐकत नाही?" शेवटी ते म्हणाले. "आमच्या घरी येऊन विचार. माझं कोण ऐकतं तेवढं सांग."

"सर, मी थट्टा करत नाही."

"मीही नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. "या हॉस्पिटलच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा मी विटांवर पाणी मारलंय, पद्मजा. आणि आता माझी परीक्षा?"

"तुमच्यापासून सुरुवात झाली तर बाकीचे नाही म्हणणार नाहीत, सर."

ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिले.

"सर, मनाला लावून घेऊ नका," मी त्यांच्या पाठीला म्हटलं. "सर, मला तुमच्याबद्दल फार आदर आहे."

उत्तर आलं नाही. मी जरा वेळ थांबले आणि निघून आले. ऐकत नाहीत म्हणजे किती ऐकत नाहीत, असं मनात म्हणत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांची चिठ्ठी आली. 'मान्य आहे. पाहुण्यांना आमच्याकडे जेवायला आण.'

बाहेरचा सर्जन मिळणं सोपं नव्हतं. कोल्हापुरातले दोघे सरांचे विद्यार्थी निघाले, एक त्यांचा व्याही. शेवटी बेळगावच्या डॉक्टर शमीम जमादार तयार झाल्या. उंचीला इतक्या लहान की टेबलापाशी पायाखाली पाट घ्यावा लागायचा, आणि आवाज सनईसारखा बारीक. पण ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांची जरब अशी की आमचे हाडांचे डॉक्टर त्यांच्यासमोर ठोकाठोकीसुद्धा हळू करत होते. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी त्या आठवड्यात प्रत्येकाला 'प्लीज' म्हटलं. नियम सगळ्यांना लावण्याचा एवढा तरी फायदा झाला.

मग सरांचा दिवस आला. पेशंट होत्या नेसरीच्या शाळेतल्या एक शिक्षिका. गळ्यात मोठी गाठ होती. हे ऑपरेशन नाजूक, कारण गाठीच्या मागून आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर माणूस घोगरा होतो, आणि ज्यांना दिवसभर पोरांवर ओरडायचं आहे त्यांची नोकरीच धोक्यात येते.

बाईंना मी झोपवलं. सरांनी चाकू घेतला आणि गोष्टही सुरू केली. या वेळी त्यांच्या काकांच्या म्हशीची होती. डॉक्टर जमादार पाटावर उभ्या राहून त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. मास्कच्या वर माणसाचे तेवढेच दिसतात. थोड्या वेळाने ते डोळे मोठे झाले. सरांचे हात होतेच तसे. एक थेंब रक्त वाया जात नव्हतं. घडी उलगडावी तसा एकेक पदर बाजूला होत होता.

"सर, नस तुम्ही आधी शोधता की गाठ सोडवल्यावर?" जमादारांनी विचारलं.

म्हैस विहिरीत पडली होती. तिला वर काढायचं काम चालू होतं.

"सर, नस आधी शोधता का?"

"आणि काका म्हणाले, दोर आणा..."

फिलोमिनांनी माझ्याकडे बघितलं. बघा, अगदी पाहुण्यांचंसुद्धा ऐकत नाहीत! जमादार पाटावरून उतरल्या, पाट उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि सरांच्या बरोबर समोर उभ्या राहिल्या. पुन्हा तेच विचारलं. सरांनी वर बघून मान हलवली. "हो, हो."

हे काही उत्तर नव्हतं. जमादारांनी भुवया आवळल्या, जरा विचार केला, आणि तशाच शांत आवाजात म्हणाल्या, "सर, टाके न घालता असंच घरी जाऊ या का?"

"हो, हो," सर म्हणाले. "अगदी बरोबर."

फिलोमिनांचा चिमटा हवेतच राहिला. कुंभार हसणार तोच जमादारांनी त्यांना डोळ्यांनी दाबलं आणि त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. कुंभारांचा पखवाज वाजला. "सर, मॅडम विचारताहेत, नस आधी शोधता का?"

"आधी! नेहमी आधी!" म्हैस विहिरीतच राहिली आणि सर रंगात आले. "हे बघा, इथे. दिसली? ही पांढरी. आधी हिला नमस्कार करायचा, मग गाठीला हात लावायचा."

त्यानंतर ऑपरेशन संपेपर्यंत डॉक्टर जमादारांनी सरांना एकही प्रश्न विचारला नाही. मला मात्र त्यांनी हळूच एक विचारला. "तुम्ही थांबा म्हणालात त्या दिवशी सरांना थांबवलं कोणी?"

"डॉक्टर कुंभारांनी."

"आणि फडकं कमी होतं तेव्हा?"

"त्यांनीच."

त्यांनी मान हलवली आणि कुंभारांच्या रुंद छातीकडे बघत राहिल्या. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. नंतर कितीतरी वेळ मी उगाचच सलाइनचे थेंब मोजत बसले.

शिक्षिका शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य खणखणीत बोलल्या. "माझी पर्स कुठे आहे?" नस शाबूत होती.

चहाच्या खोलीत आम्ही चौघे बसलो. सर, जमादार, फिलोमिना आणि मी. मास्क उतरले होते. "सर," जमादार म्हणाल्या, "तुमचे हात मला द्या आणि माझे घेऊन जा." सर खुलले. मग जमादारांनी कपाखालची बशी उचलली, आपल्या तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला साखर किती?"

सर बशीकडे बघत राहिले.

बशीवर निळ्या फुलांची वेल होती. सर त्या वेलीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं जात होतं. जमादारांनी बशी खाली ठेवली.

"कधी कळलं?" सरांनी विचारलं.

"टाके न घालता घरी जाऊ या का, म्हटलं. तुम्ही बरोबर म्हणालात."

सर आधी दचकले, मग हसले, आणि मग हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

"पुरुषांचं येतं," ते म्हणाले. "माठात बोलल्यासारखं, पण येतं. बायकांचं बारीक आवाजातलं काहीच येत नाही. ओठ दिसले तर सगळं कळतं. मास्क लागला की संपलं. मग मीच बोलत राहतो. मी बोलत असलो की दुसरं कुणी विचारत नाही."

"सांगितलं का नाहीत, सर?" मी विचारलं.

"हात थरथरायला लागले तर सर्जनला घरी बसवतात, हे मला माहीत होतं. कान गेले तर काय करतात, हे कुणाला विचारू? विचारायला गेलो की कळलंच ना सगळ्यांना." ते माझ्याकडे वळले. "त्या गवंड्याच्या वेळी तू किती वेळा म्हणालीस?"

"दोनदा. एकदा सिस्टर."

सरांनी मान खाली घातली. मग फिलोमिना एकदम म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे सर, मी एवढी वर्षं मास्कच्या आत तुम्हाला..."

"काय?"

"काही नाही."

"काय म्हणायचात?"

"बरंच काही, सर."

"चांगलं केलंत," सर म्हणाले. "माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही." त्यावर मात्र आम्ही चौघेही हसलो, आणि फिलोमिना हसता हसता रडल्या.

जमादारांनी अहवालात सगळं स्पष्ट लिहिलं. हात उत्तम, निर्णय उत्तम, कान निकामी. कानाचा बंदोबस्त होऊन पुन्हा पाहणी होईपर्यंत ऑपरेशन नको, ओपीडी चालू ठेवावी. मीटिंगमध्ये तो वाचला गेला तेव्हा ट्रस्टी मंडळी अस्वस्थ झाली. "सरांना कुठं कागदावर बांधायचं," एक जण म्हणाले. "कुंभार असतातच की शेजारी. चाललंय तसं चालू दे." दुसऱ्याने अहवाल फायलीत घालून फाईल मिटली. मगदूम वकील तोंड उघडणार होते, पण त्यांच्या आधी सर उठले.

"एकेकानं बोला आणि माझ्याकडे तोंड करून बोला," ते म्हणाले. "मला आता लपवायचं कारण उरलेलं नाही. कुंभार शेजारी असतात म्हणता. कुंभारांना ताप आला त्या दिवशी? टेबलावर तुमच्या घरातलं माणूस असलं, आणि सिस्टर म्हणाली, सर, एक फडकं आत राहिलंय, तर? मी म्हणेन, हो, हो, अगदी बरोबर."

फाईल मिटलेल्या ट्रस्टींनी ती पुन्हा उघडली.

"पद्मजा म्हणाली थांबा. मला ऐकू आलं नाही ते आलं नाही. पण आता जमादार कागदावर सांगताहेत ते तर दिसतंय ना? द्या तो कागद."

त्यांनी सही केली आणि फाईल मिटणाऱ्या ट्रस्टींचा पेन त्यांच्या खिशात परत लावला. मगदूम माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांच्या वकिलीत आपल्याच विरुद्ध इतकी चांगली बाजू मांडलेली बघितली नव्हती."

ते आठवडे कठीण गेले. तातडीचे पेशंट कोल्हापूरला पाठवावे लागले, बाकीच्यांसाठी जमादार दर गुरुवारी बेळगावहून यायच्या. सर ओपीडीत बसायचे. मधेच थिएटरच्या दारापाशी येऊन उभे राहायचे आणि आत न येता परत जायचे. कानातली यंत्रं कोल्हापूरहून आली तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी ती काढून खिशात टाकली. "फार गोंगाट आहे जगात," म्हणाले. "पंखा ओरडतो. वर्तमानपत्र ओरडतं. आणि आमच्या घरी तर, पद्मजा, केवढं बोलतात!" पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. मग रोज घातली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नर्सबायकांचं कुजबुजणं एकाएकी बंद झालं.

पुन्हा पाहणीचा दिवस ठरला. जमादार पाटावर उभ्या राहिल्या. टेबलावर महागावचा एक शेवयावाला होता, हर्नियासाठी. मी त्याला भूल दिली. सर हात धुऊन आत आले, हातमोजे घातले, टेबलापाशी आले आणि थबकले. त्यांनी वर ट्यूबलाइटकडे बघितलं. मग भिंतीकडे.

"हे सारखं काय वाजतंय?"

"कुठे, सर?" मी विचारलं.

"हे. टीक, टीक, टीक. काही बिघडलंय का?"

"नाही, सर. मॉनिटर आहे. ती पेशंटची नाडी."

"रोज वाजतं?"

"रोज, सर."

सर दोन्ही हात छातीशी धरून उभे राहिले. शेवयावाल्याचं हृदय एका लयीत चाललं होतं. मीसुद्धा खूप दिवसांनी तो आवाज नीट ऐकला. आमच्यासाठी तो कधीच भिंतीत मुरून गेला होता.

"हे मला कुणी सांगितलं नाही," सर म्हणाले.

"सांगितलं होतं, सर," सिस्टर फिलोमिना म्हणाल्या, आणि सगळं थिएटर हसलं. सरांचे खांदे तर गदगदा हलत होते. हसणं ओसरल्यावर त्यांनी एकदा खोल श्वास घेतला.

फिलोमिनांनी चाकू उचलला. त्या सरांच्या मागच्या बाजूला होत्या, तोंडावर मास्क, आणि नेहमीपेक्षाही हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सुरू करू या का, सर?"

"करू या, सिस्टर," सर म्हणाले, आणि वळून न बघता चाकूसाठी हात मागे केला.